गोड वर्ज्य

"मीठ बघ गं," म्हणत आयरीननं लाकडी चमचा वेरोनिकाच्या तोंडाशी आणला.

चर्चच्या तळघरात गुरुवारच्या नेहमीच्या बायका जमल्या होत्या. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारी कुणाच्या घरी मांस शिजायचं नाही, त्यामुळे अर्धं गाव यांच्याकडची पिरोही विकत न्यायचं. लांब टेबलावर कुणी पाऱ्या लाटत होतं, कुणी त्यात बटाटा आणि चीजचं सारण भरून करंजीसारख्या कडा मिटत होतं. मीठ मात्र वर्षानुवर्षं वेरोनिकाच्या जिभेवर ठरायचं. सकाळी मुलांना शाळेत सोडलं, बस डेपोत लावली, की ती इथं यायची.

तिनं चमच्याच्या टोकावरचं जरासं सारण घेतलं. हॉस्पिटलात शिकवल्याप्रमाणे पार पेज होईपर्यंत चावलं. मग गिळलं. घास छातीच्या मधोमध येऊन थांबला, दारात अडून बसलेल्या जनावरासारखा. तोंडात पाणी सुटलं. भुकेचं पाणी वेगळं आणि हे वेगळं, हा फरक तिला आता कळायला लागला होता.

"अजून चिमूटभर लागेल," ती शांतपणे म्हणाली आणि हात धुवायच्या निमित्तानं आत गेली.

परत आली तेव्हा डोळे ओले होते. ते तिनं कांद्यावर ढकललं.

"बघा तरी, स्वेटर कसा लोंबतोय हिचा," टेबलापलीकडून जोसी वेरोनिकाकडे बघत म्हणाली. "रॉनी, तुला आता एखादा नवरा बघायला हवा."

"एकाला तीस वर्षं खाऊ घातलं, तेवढं पुरे झालं."

सगळ्या हसल्या. आयरीनही हसली, खरं तर तो नवरा तिचाच धाकटा भाऊ होता आणि त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

"पण खरंच गं," जोसी म्हणाली, "आम्ही उपास करतो म्हणजे एक वेळ पोटभर जेवतो. तू मात्र खरा उपास करतेस. देवाला तुझाच पोहोचत असणार."

वेरोनिकानं हाताला पीठ लावलं. तिनं एक पारी उचलली, सारण भरलं आणि कड मिटायला गेली, तर बोटाखाली दोन कडा दिसल्या. एकीवर दुसरी, किंचित सरकलेली. तिनं डावा डोळा मिटला. कड एकच झाली.

"काय झालं?" आयरीननं विचारलं.

"पीठ उडालं डोळ्यात."

ऑपरेशन तिनं हौसेनं केलं नव्हतं. शाळेची बस चालवणाऱ्याला दर वर्षी तपासणी द्यावी लागते. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तिची साखर बघितली, वजन बघितलं, दुपारी सिग्नलला डुलकी लागते हेही तिच्याकडून काढून घेतलं आणि म्हणाले, "मिसेस हुडाक, या वर्षी सही करतो. पुढच्या वर्षी हात चालणार नाही." मग तिनं पोट कापून अंड्याएवढं करून घेतलं. ती आता ज्यांना शाळेत न्यायची त्यातल्या निम्म्यांच्या आईबापांनाही तिनंच नेलं होतं. घरात कुणी वाट बघणारं नव्हतं. सकाळच्या अंधारात रस्त्याच्या कडेला दप्तर घेऊन उभं राहणारं एक एक पोर, हीच तिची वाट बघणारी माणसं.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. आधी पाणी, मग सूप, मग लापशीसारखं कालवलेलं. लहान मुलाला जेवायला शिकवावं तसं तिनं स्वतःला शिकवलं: छोटा चमचा, छोटी बशी, घास गिळल्यावर चमचा खाली ठेवायचा. साखर उतरली. डुलकी थांबली. नाताळची सुट्टी संपल्यावर ती पुन्हा बसवर गेली आणि डेपोतल्या डेलनं तिला वाकून सलाम केला.

मग हळूहळू घास अडायला लागले. आठवड्यातून एकदा, मग रोज, मग जवळपास प्रत्येक जेवणाला. नवीन पोट आहे, रुळेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

हॉस्पिटलनं गोळ्यांची एक बाटली दिली होती, जन्मभर घ्यायची म्हणून. बटणाएवढ्या नारिंगी गोळ्या, चघळायच्या, संत्र्याच्या गोळीसारख्या गोड. उपासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून वेरोनिका घरी आली आणि दर वर्षीप्रमाणे तिनं ईस्टरपर्यंत गोड सोडलं. लहानपणी तिची आजी या दिवसांत खोकल्याची गोड गोळीसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवायची. खोकला काढायचा, पण नेम मोडायचा नाही. वेरोनिकानं हातातल्या बाटलीकडे बघितलं. रोज सकाळी त्या गोळीची तिला ओढ लागायची, दिवसभरात जिभेला सुखावणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. ज्याची ओढ लागते तेच सोडायचं असतं. तिनं बाटली फ्रिजवर मागे सारून ठेवली.

हॉस्पिटलातल्या नर्सचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, "व्हिटॅमिनं चालू आहेत ना?"

"चालू आहेत," वेरोनिका म्हणाली. ईस्टरनंतर चालूच होणार होती.

त्यानंतर पाय बधिर व्हायला लागले. आधी अंगठे, मग तळवे. उघड्या पायांनी फरशीवर उभं राहिलं तरी लोकरीवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. मग रस्त्याकडेचे खांब जोडीनं यायला लागले. डावा डोळा मिटला की एकाचा एक. डॉक्टरांना सांगितलं तर काय होईल ते तिला पाठ होतं. बस जाईल. ज्या बससाठी पोट कापलं, तीच जाईल. ईस्टर दोन आठवड्यांवर आला होता. तेवढे दिवस एक डोळा मिटून काढायचे.

शुक्रवारी सकाळी नदीवर दाट धुकं होतं. तिनं प्रत्येक थांब्यावरून मुलं घेतली. चढताना प्रत्येकाला नावानं हाक मारली. कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली तर ती बांधून होईपर्यंत बस हलवली नाही. शेवटची टेसा कोवालिक चढली, दुसरीतली, आणि नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर तिच्या मागे बसली.

बंद पडलेल्या पोलाद कारखान्यापाशी रेल्वेचे रूळ रस्त्याला आडवे येतात. तिथं फाटक नाही, नुसते लाल दिवे आहेत, आणि गाडी वळणावरून येते. रूळ आले की शाळेची बस थांबलीच पाहिजे. वेरोनिकानं बस थांबवली, दार उघडलं, बाजूची खिडकी सरकवली आणि हात वर केला. मागचा सगळा कलकलाट एकदम बंद झाला. हे तिनंच त्यांना शिकवलं होतं. दर वर्षी पहिल्या दिवशी ती सांगायची, "इथं आपण डोळ्यांनी नाही, कानांनी बघायचं. सगळ्यांनी मिळून." आणि मुलं ओठांवर बोट ठेवून, मान वाकडी करून ऐकायची. बालवाडीतली तर डोळेसुद्धा मिटून घ्यायची.

वेरोनिका ऐकत होती. धुक्यातून ओली थंडी आत आली. समोर रुळांच्या दोन जोड्या दिसत होत्या, एकीत दुसरी गुंतलेली. तिनं डावा डोळा मिटला. जोडी एकच झाली, पण जागेवर ठरेना, डुलत राहिली. दुसरा डोळा मिटून पाहिला, तरी तेच. ती गोंधळली. लांब कुठेतरी काहीतरी घरघरलं, की आपल्याच कानात, हे तिला ठरवता येईना.

"मिसेस हुडाक," मागून टेसा हळूच म्हणाली. इथं बोलायचं नसतं हे तिला माहीत होतं. "बस चाललीय."

"नाही राणी, थांबलेली आहे. ब्रेक दाबलाय मी."

"चाललीय ना पण."

वेरोनिकानं खाली बघितलं. तिचा पाय ब्रेकवर नव्हता. तो शेजारी मोकळ्या जागेत जोर लावून उभा होता आणि तिला ते कळलंच नव्हतं. उघड्या दारातून रस्त्याची खडी हळूहळू मागे सरकत होती.

तिनं हाताच्या ब्रेकचा पिवळा खटका ओढला. हवा फसकन सुटली आणि बस जागच्या जागी बसली. समोरचे लाल दिवे लागले. वळणावरून कोळशाची गाडी आली आणि बसच्या नाकासमोरून जात राहिली. किती तरी वेळ जात राहिली. काचा थरथरत होत्या. मुलांची बोटं अजून ओठांवर होती. त्यांच्या दृष्टीनं सगळं नेहमीसारखंच चाललं होतं.

गाडी गेली. दिवे विझले. मागून कुणीतरी विचारलं, "आता बोलू?"

"बोला," वेरोनिका म्हणाली. मग तिनं रेडिओ उचलला.

"डेल, कारखान्याच्या रुळांपाशी दुसरा ड्रायव्हर पाठव."

"काय झालं? बस बिघडली?"

"बस ठीक आहे."

"मीच येतो," डेल म्हणाला.

तो आला. तिनं जागा सोडली आणि टेसाच्या शेजारी बसली. टेसानं सरकून जागा दिली. "तुम्ही पण शाळेत येताय?" तिनं विचारलं. वेरोनिकानं मान डोलावली.

शाळेपाशी मुलं उतरली. डेल काही बोलायच्या आधीच ती उठली आणि बाकांच्या पाठी धरत मागे निघाली. कुणी झोपून तर राहिलं नाही ना, हे बघितल्याशिवाय बस सोडायची नसते. प्रत्येक बाकावर वाकून तिनं हातानं चाचपून पाहिलं, नुसत्या डोळ्यांवर विसंबली नाही. एक हातमोजा सापडला. तो तिनं खिशात ठेवला. मग मागच्या काचेवर 'रिकामी' अशी पाटी अडकवली. पाटीचा हूक तिसऱ्या प्रयत्नात लागला.

वळली तर दारातून आयरीन वर चढत होती. डेलनं तिला फोन केला होता. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं म्हणून वेरोनिकाच्या घरी जाऊन, फ्रिजवरची ती बाटली घेऊनच ती आली होती. अंगात अजून कालचाच पिठाळलेला एप्रन होता.

"बाटली भरलेली कशी गं?" आयरीननं विचारलं.

"गोड आहेत त्या."

आयरीननं बाटलीचं झाकण फिरवलं. वेरोनिकाची आजी आयरीनचीही असती तर तिनंही हेच केलं असतं, हे दोघींना कळलं. "फादरना मी सांगेन काय सांगायचं ते," ती म्हणाली. "डॉक्टरांना फोन केलाय. आत्ताच्या आत्ता आणा म्हणाले, अंगातलं व्हिटॅमिन संपलंय, ते सुईनं द्यावं लागेल म्हणे. ही गोळी आता हातात धर, तेवढी तरी घे."

तिनं गोळी तळहातावर ठेवून हात पुढे केला. वेरोनिकाला दोन आयरीन दिसल्या, दोन पांढरे एप्रन, दोन तळहात, दोन्हींवर एक एक नारिंगी गोळी. सवयीनं डावी पापणी खाली यायला लागली. तिनं ती तशीच अडवली. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब केला.

बोटं हवेत मिटली.

आयरीननं ते पाहिलं. तिनं वेरोनिकाचा हात मनगटाशी धरला आणि जिथं न्यायचा तिथं नेला.