गिटारची मान

उजवा कान गेला तेव्हा भोंग्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. डावा जायला लागला तेव्हा मात्र तो कानाच्या डॉक्टरशी असा भांडला, जणू त्यानेच तो ढापला होता. डॉक्टरने दिलेलं यंत्र त्याने दोन तालमींना लावून पाहिलं. त्यातून स्वतःचीच गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी ऐकू यायची. यंत्र डबीत गेलं, डबी कपाटात गेली, आणि बहात्तराव्या वर्षी भोंगा पायांनी ऐकायला शिकला.

पायांनी म्हणजे अगदी खरोखर पायांनी. स्टेज लाकडी हवं, पायात बूट नकोत आणि बेसचा मोठा स्पीकर थेट फळ्यांवर ठेवलेला हवा. मग बेस टाचेत येतो आणि पायाने वाजवायचा मोठा ड्रम चवड्यात. मधलं सगळं डोकं आपोआप भरून काढतं, कारण ती गाणी डोक्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षं ठाण मांडून बसलेली आहेत. म्हणून त्या दिवशी हॉलवाल्यांनी कौतुकाने अंथरलेला गालिचा त्याने आल्या आल्या गुंडाळायला लावला.

"शोभा येते हो त्याने," हॉलचा व्यवस्थापक म्हणाला.

भोंगा त्याच्या ओठांकडे बघत होता. "शोभेला मी आहे ना," तो म्हणाला आणि बूट काढायला बसला.

भोंगा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. विशीत तो एका वर्कशॉपात कामाला होता आणि जेवणाच्या सुट्टीत ब्लूज गायचा. आवाज असा दणदणीत आणि खरखरीत, की लोक म्हणायचे, सुट्टी संपल्याचा भोंगा वाजवायची गरजच नाही, याला गप्प करा म्हणजे झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच. बँड तिघांचा. गाणं आणि गिटार भोंग्याकडे. बेसवर मुक्या, जो वर्षाकाठी बारा वाक्यं बोलतो आणि त्यातली चार जेवणाबद्दल असतात. आणि ड्रम्सवर वहिनी.

वहिनी म्हणजे भोंग्याची सख्खी वहिनी. आधी ड्रम्सवर तिचा नवरा, भोंग्याचा थोरला भाऊ, बसायचा. तो अकरा वर्षांपूर्वी गेला. तेराव्या चौदाव्या दिवशी दुसरा ड्रमर शोधायची चर्चा चालू असताना वहिनी म्हणाली, "शोधता कशाला? तीस वर्षं त्यांच्या चुका मीच काढत होते." आणि ती बसली. आता तिलाही सत्तरी लागली आहे, उजवा गुडघा बदललेला आहे आणि तेव्हापासून तिचा ड्रमवरचा ठोका केसभर उशिरा पडतो. भोंग्याला तो तसाच आवडतो. दोघं अजून एकमेकांना अहो-जाहो करतात, आणि अॅम्प्लिफायरच्या गदारोळात "भावजी, जरा सरका" असं ऐकलं की नवीन साउंडवाले चक्रावून जातात.

भावाने बँडला एक नियम लावून दिला होता. त्याला लांबचं दिसायचं नाही आणि स्टेजवर चष्मा लावायला त्याचा जीव जायचा, रुबाब कमी होतो म्हणून. डोळ्यांची खूण त्याला कळत नसे. म्हणून ठरलं की भोंग्याने गिटारची मान सरळ वर केली की गाणं संपलं. त्याच ठोक्याला, जिथे असेल तिथे, विचारणं नाही. एकदा एका हॉटेलात ट्रे घेऊन चाललेल्या वेटरला वाट द्यायला भोंग्याने मान वर केली आणि गाणं अर्ध्या शब्दात तुटलं. भोंगा संतापला. भाऊ शांतपणे म्हणाला, "मान वर गेली, गाणं संपलं. तू ती का वर केलीस ते तुझं तू बघ." वहिनीला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंतीवरची मुंगी दिसते, तरी नियम तोच राहिला. नियम मोडायला कोणाचा हात धजावला नाही.

कार्यक्रम दुपारी चारचा होता. सव्वातीनला भोंग्याची लेक स्टेजमागच्या खोलीत आली. नोकरी सांभाळून तीच बापाचा बँडही सांभाळते. ती त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली, म्हणजे ओठ दिसावेत.

"बाबा, एक सांगते. चिडू नका."

"म्हणजे चिडण्यासारखं आहे."

"तुमच्या गाण्यांची जुनी रेकॉर्ड साउंडवाल्याच्या लॅपटॉपवर घालून ठेवली आहे. फक्त अडलं तरच. तुम्ही मध्येच थांबलात, आवाज गेला, काहीही झालं, तर तो ती लावणार."

भोंग्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. वहिनी कोपऱ्यात गुडघ्याला पट्टा बांधत होती, तिचे हात थांबले.

"आणि लावावी लागली," लेक पुढे म्हणाली, "तर पुढच्या तीन कार्यक्रमांना तुम्ही नुसते ओठ हलवायचे. मी तसं कबूल केलंय. नाहीतर हॉलवाले आपल्याला बोलवतच नव्हते."

"आणि नाही लागली तर?"

"तर पुढचे तिन्ही तुमच्या मनासारखे. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

वहिनी म्हणाली, "ओठ हलवायला मला नको गं बोलवू. मला घरी पुष्कळ कामं आहेत."

"मलाही," मुक्या म्हणाला. त्याच्या हिशेबाने हे भाषणच झालं.

लेकीचे डोळे भरून आले होते, पण ती मागे हटणाऱ्यातली नव्हती. शेवटी बापावरच गेलेली. "काकू, गेल्या वर्षीचा तो व्हिडिओ तुम्ही नाही बघितलात. बाबांचा आवाज फाटला तेवढाच तुकडा कापून कोणीतरी टाकला. माझ्या ऑफिसातले लोक जेवताना तो बघून हसत होते. माझ्यासमोर. त्यांना माहीत नव्हतं हा माझा बाप आहे ते." तिने भोंग्याचा हात धरला. "मला पुन्हा नाही सहन होणार, बाबा."

भोंग्याला तिचा राग आला होता आणि तिची दयाही आली होती, आणि दोन्ही एकदम. "अडणार नाही," एवढंच तो म्हणाला.

पहिली तीन गाणी छान झाली. हॉल भरलेला होता. निम्मे लोक त्याच्या वयाचे, निम्मे त्यांच्या मुलांच्या वयाचे. फळ्या नव्या होत्या आणि चांगल्या बोलत होत्या. मुक्याचा बेस टाचेत घुमत होता, वहिनीचा ठोका केसभर उशिरा चवड्यात येत होता, आणि दुसऱ्या गाण्यात भोंग्याने गिटारच्या एकाच तारेवर असा काही हट्ट धरला की पुढच्या रांगेतला एक टकलू गृहस्थ उभाच राहिला.

चौथं गाणं फाटकाचं. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा कुलूप लावलेल्या फाटकासमोर तीन आठवडे बसून भोंग्याने ते रचलं होतं. त्याच्या शेवटी एक उंच हाक आहे, आत कोणी आहे का म्हणून विचारणारी. लोक आले होते ते याच गाण्यासाठी. आता ते तो दोन सूर खालून गातो, आणि तसंही ती हाक दर वेळी सापडतेच असं नाही.

दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या मध्यावर डाव्या खांद्यात चमक आली. हा खांदा दोन महिने आखडला होता आणि भोंग्याने ते कोणालाही कळू दिलं नव्हतं, कारण कानांबद्दल ऐकून घेतो तेवढं पुरे होतं. कोपर आपोआप उचललं गेलं आणि त्याबरोबर गिटारची मान सरळ वर गेली.

वहिनी आणि मुक्या त्याच ठोक्याला थांबले. नियम म्हणजे नियम.

फळ्या एकदम मेल्या. भोंग्याला क्षणभर वाटलं, पायच गेले. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय केलं ते, आणि पाठोपाठ आठवला तो लॅपटॉप. थांबलो तर मेलो, त्याने मनाशी म्हटलं. त्याने मान खाली आणली आणि गाणं तसंच पुढे ओढलं, एकटा, पाय आपटून ताल धरत. स्वतःचा आवाज त्याला फक्त छातीत जाणवत होता. गाण्याचं एक अख्खं आवर्तन त्याने असं रेटलं असेल. वहिनीला खुणावून परत घ्यावं असा त्याचा बेत होता.

तेवढ्यात चवड्यात ठोका आला.

आली वहिनी, त्याला वाटलं. पण समोरचे लोक एकदम खुलले होते, टाळ्या वाजवत होते आणि त्याच्याबरोबर गात होते. फक्त त्यांचे ओठ पहिल्या कडव्यावर होते. भोंगा तिसऱ्यावर होता.

आणि ठोका उशिरा पडत नव्हता. तो बरोबर वेळेवर पडत होता, किंचित पुढे झुकून, नव्या बुटांत ऐटीने चालणाऱ्या माणसासारखा. तो पाय भोंग्याला ओळखायला कानांची गरज नव्हती. एका खाटेवर झोपून लहानपणापासून त्याने तो पाय खाटेच्या फळीवर वाजताना सोसला होता. रेकॉर्डवर भाऊ होता.

त्याने मागे वळून पाहिलं. वहिनी काठ्या मांडीवर ठेवून बसली होती. अकरा वर्षांनी नवरा इतक्या मोठ्याने वाजत होता आणि तिचा चेहरा अगदी निवळला होता. हे बंद करायचं म्हणजे भावाला दुसऱ्यांदा पोचवणं. राहू दे का? चार मिनिटांचं तर गाणं. लोक खूश, लेक खूश, आणि तळपायाखाली थोरला भाऊ. इतका सोपा मोह त्याला आयुष्यात कधी पडला नव्हता.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला नीट वाचता यावं म्हणून एकेक शब्द सावकाश म्हणाली, "ते गेले, भावजी. आपण आहोत अजून."

भोंगा लोकांकडे वळला. त्याने गिटारवरचे दोन्ही हात काढले, पाठीमागे बांधले आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. माईकपासून वीतभर अंतरावर तो नुसता उभा राहिला.

हॉलमध्ये त्याचा तिशीतला आवाज गातच होता. पुढच्या रांगेतले ओठ आधी थांबले, मग मागच्या. टाळ्या विरळ होत गेल्या. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. साउंडवाल्याची पाचावर धारण बसली, त्याने बाजूला उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. लेक बापाकडे बघत होती. बाप मिटलेल्या तोंडाने तिच्याकडे बघत होता, आणि नजर काही काढत नव्हता. शेवटी तिनेच पुढे होऊन लॅपटॉपची वायर उपसली.

फळ्या पुन्हा गप्प झाल्या. भोंग्याने माईक जवळ ओढला.

"हा पोरगा फार छान गायचा," तो म्हणाला. "त्याच्या मागे ड्रम्सवर माझा भाऊ होता, तो तर त्याच्याहून छान. ते दोघंही आज आलेले नाहीत. त्यांच्यासाठी आला असाल तर दार तिकडे आहे, कोणी राग मानणार नाही. आम्ही तिघं आलोय. मला ऐकू येत नाही, यांचा गुडघा लोखंडी आहे आणि हा बोलत नाही. गाणं पहिल्यापासून घेतो. आणि आज ते दोन सूर खाली नाही घेणार, जिथे रचलं होतं तिथेच घेतो."

दोघं-तिघं खरोखरच उठून गेले. बाकीचे बसून राहिले. बऱ्याच जणांनी फोन वर धरले होते.

वहिनीने पहिला ठोका दिला, केसभर उशिरा, आणि असा दिला, जणू नव्या फळ्या तिच्या बापाच्याच असाव्यात. मुक्या एक पाऊल पुढे आला, जे त्याने एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं. भोंगा गायला. वरच्या जागांवर त्याचा घसा सोलत होता, खांदा बोंबलत होता, आणि त्याला आतून इतका आनंद होत होता की दोन ठिकाणी तो शब्द विसरला आणि दुसरेच घालून मोकळा झाला. शेवटच्या हाकेला त्याने डोळे मिटले आणि असेल नसेल ते सगळं वर फेकलं. मग मान वर केली, या वेळी स्वतःहून.

कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजमागच्या खोलीत बसून मोजे चढवत होता. लेक आली आणि समोरच्या खुर्चीत बसली. ती रडली होती, पण चेहरा धुऊन आली होती.

"रेकॉर्ड लागली खरी, पण वायर मीच काढली," ती म्हणाली. "तेव्हा पुढचे तिन्ही तुमच्या मनासारखे. हॉलवाल्यांना मी बघते."

भोंग्याने मान डोलावली. एक मोजा हातात तसाच राहिला. "ती शेवटची हाक," तो म्हणाला. "लागली का? खरं सांग."

खोटं बोलली असती तर त्याने ते ओठांवरून ओळखलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

"नाही, बाबा. बेसूर गेली."

"किती?"

"बरीच."

"लोकांना कळलं?"

"सगळ्यांना. अगदी मागच्या रांगेपर्यंत."

"झकास," भोंगा म्हणाला आणि दुसरा मोजा चढवू लागला. "म्हणजे गात होतो तो मीच, हे सगळ्यांना कळलं."