कांदाचाळीतला खोटा जबाब

मनकर्णाबाईंशी घासाघीस करायला शेलूबाजारच्या आठवडी बाजारात कुणी धजत नसे. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी असो की वांग्यांचा ढीग, बाईंनी एकदा भाव सांगून रोखून पाहिलं की गिऱ्हाईक निमूट पिशवी उघडायचं. अशी बाई कॅमेऱ्याला घाबरेल असं ज्याला वाटतं, त्याने बाई पाहिलेलीच नाही.

सिनेमा लेकीचा होता. राधिका पुण्याला ती विद्या शिकून आली आणि येताना जुन्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांचं खूळ घेऊन आली. त्याला म्हणे ‘न्वार’ म्हणतात. अर्धा चेहरा अंधारात, ज्याच्या त्याच्या पोटात पाप, आणि मधोमध गोड बोलून गळा कापणारी एक बाई. शहरात त्यासाठी खिडक्यांना पट्ट्यापट्ट्यांचे पडदे लावतात. राधिकाने कांदे साठवायची घरची रिकामी कांदाचाळ पाहिली, बांबूच्या फटींतून आत पडलेलं चार वाजताचं ऊन पाहिलं, आणि तिथेच ठाण मांडलं.

गुप्तहेर झाले होते तिचे बाबा, रामराव. एके काळी पार शिरपूरपर्यंत त्यांनी गणपतीतली नाटकं गाजवलेली. पण ऐन वेळी त्या गळा कापणाऱ्या बाईचं काम करणारी वाशिमची नटी आलीच नाही. तिची परीक्षा निघाली. दुसऱ्या दिवसापासून कॅमेरावाल्या प्रज्वलला लग्नांच्या शूटिंगच्या तारखा होत्या. आजचं ऊन गेलं की सिनेमा गेला.

“माय, तूच उभी राय,” राधिका म्हणाली.

“त्यात काय मोठं,” म्हणत बाईंनी पदर खोचला.

प्रसंग सोपा होता. गुप्तहेर विचारतो, त्या दिवशी घरी कोण आलं होतं? बाईने डोळ्याला डोळा भिडवून खोटं सांगायचं, कोणी नाही.

हाच प्रश्न रामरावांनी मनकर्णाबाईंना सव्वीस वर्षांपूर्वी विचारला होता. अकोल्याच्या एका नाटक कंपनीने रामरावांना न्यायला माणूस पाठवतो म्हणून कबूल केलं होतं. माणूस आला तेव्हा रामराव शेतात होते. उद्या सकाळी एस. टी. स्टँडवर पाठवा, एवढं सांगून तो गेला. राधिका पाळण्यात होती. कंपनीत गेलेला नवरा परत येत नाही, असं बाईंनी चार जणींकडून ऐकलेलं. संध्याकाळी रामरावांनी विचारलं आणि बाईंनी सांगून टाकलं, कोणी नाही. रामरावांनी सारा उन्हाळा वाट पाहिली आणि मग कधी तोंडाला रंग लावला नाही. बाईंना ते बोललेलं आजही सलत होतं.

आता नाही म्हणावं तर पोरीचा सिनेमा बुडतो. बाईंनी मान ताठ केली. एकदा पचलं ते दुसऱ्यांदाही पचेल.

प्रज्वलने कॅमेरा सुरू केला. रामराव उन्हाच्या पट्ट्यांतून पुढे आले. “कोण आलं होतं?”

“कोणी नाही,” बाई म्हणाल्या. पापणीसुद्धा हलली नाही.

“माय, एक नंबर!” राधिका ओरडली. “काकू, काटा आला अंगावर,” प्रज्वल म्हणाला.

रामराव मात्र जागचे हलले नाहीत. आपली हरवलेली वस्तू शेजाऱ्याच्या घरात दिसावी, तसे ते बायकोकडे पाहत होते. तो आवाज, तो ठेका, ती वर केलेली हनुवटी, सगळं त्यांनी एकदा पाहिलेलं होतं.

“पुन्ना घे,” ते राधिकाला म्हणाले.

कॅमेरा सुरू झाला. रामरावांनी कागदावरचं वाक्य सोडून दिलं. “मनकर्णा, अकोल्याहून कोन आलं होतं?”

खोटं याही वेळी साधलं असतं, हे बाईंना आता पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणूनच त्यांना ते बोलवेना.

“आला होता एक मानूस. तुमाले न्यायले.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“तुमी गेले असते.”

“गेलोच असतो,” रामराव म्हणाले आणि चाळीबाहेर निघून गेले.

राधिका आईजवळ जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने रामराव परत आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. प्रज्वलला त्यांनी पहिला टेक दाखवायला सांगितला. एकदा पाहिला, परत पाहिला. राग होता, पण पाहत होता तो जुना नट.

“थो मानूस येडा होता,” ते बायकोला म्हणाले. “माह्याऐवजी तुले न्यायले पायजे होतं त्यानं.”

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “अन् मी निघाली असती, तं तुमी जाऊ देलं असतं मले?”

रामरावांनी कॅमेरा प्रज्वलकडे सरकवला.

“नसतं देलं,” ते म्हणाले.