हर्शेलचा वाटा

आईची शवपेटी घेऊन हर्शेल फिलाडेल्फियाहून साउथ कॅरोलायनातल्या आपल्या बेटावर पोचला, तर दफनभूमीच्या फाटकात लुवेनिया कमरेवर हात ठेवून उभी, मागे सगळे नातेवाईक! त्याची चुलतबहीण, दहा वर्षांनी मोठी. तिच्या जिभेपुढे खाडीतली मगरसुद्धा वाट सोडायची.

“आलास? तोंड वर करून आलास?”

“ताई, आज नको. आईला बाबांशेजारी निजवू दे, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल.”

“शिव्यांनी जमीन परत येते का रे?”

जमीन चाळीस एकर, ही दफनभूमी धरून, गुलामी संपल्यावर पणजोबांनी घेतलेली. मृत्युपत्र कुणीच केलं नाही. गोऱ्या कारकुनापुढे टोपी काढून उभं राहण्यापेक्षा तोंडी ठरलेलं बरं, असं सगळे म्हणायचे. बरं कसलं, डोंबल! गेल्या वसंतात हर्शेलने आपला वाटा एका रिसॉर्टवाल्या कंपनीला विकून टाकला.

“माझा मी विकला. तुमच्या वाट्याला हात लावला का?”

“कुठाय तुझा वाटा? रेघ दाखव, एखादा धोंडा तरी दाखव! वाटणीच झाली नाही, तर सगळंच सगळ्यांचं. आणि त्यातला एक हिस्सा ज्याच्या हाती, तो कोर्टाकडून सगळ्याचा लिलाव मागू शकतो. मागितला त्यांनी. शुक्रवारी हुकूम झाला, थडग्यांसकट!”

देवाशप्पथ, हर्शेलला हे ठाऊक नव्हतं. पण कागदावर सही करताना एकदा बहिणीला विचारायला काय झालं होतं?

“काकू आमची आहे,” लुवेनिया म्हणाली. “खड्डा पहाटेच खणलाय. तिचा कप आण.”

आई ज्यातून शेवटचं पाणी प्यायली, तो कप थडग्यावर ठेवायचा असतो. हर्शेलने खिशातून काढला. तिने तो हिसकावूनच घेतला.

मग ती फाटकाकडे वळली. आत निजलेल्या पूर्वजांना विचारल्याशिवाय तिथे कुणी पाऊल टाकत नाही.

“बाबा! काका! आजी! काकूला आणलंय, येऊ का? मी आहे, एमोस आहे, डॉर्कस आहे, तिची पोरं आहेत...”

एकेकाचं नाव घेतलं. हर्शेलचं घेतलं नाही.

पेटी उचलून सगळे आत गेले. न विचारता शिरायची त्याची छाती होईना. तो रस्त्यावरच थांबला. आत गाणं सुरू झालं. पेटी खाली गेली असावी. त्याला नुसत्या पाठी दिसत होत्या.

पलीकडे कंपनीचा मोजणीदार खुंट्या ठोकत होता. तो टोपी काढून जवळ आला.

“आई ना तुमची? जा की आत. आमची काही हरकत नाही.”

त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यावी असं हर्शेलला वाटलं. पण हरकत घ्यायचा हक्क त्याला हर्शेलनेच विकला होता.