फाट्यापासून आत

टण् टण्.

धायरीच्या प्रवासी मंडळाची सभा बसच्या घंटेवर चालते. दोन टोले म्हणजे बोला. एक टोला म्हणजे थांबा, मग वाक्य अर्धं का असेना. दोरी श्यामसुंदरअण्णांच्या हातात. अण्णांनी आजवर कुणा पुढाऱ्याचं वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही.

महापौरपदासाठी दोन नगरसेविकांची नावं पुढं होती, मेहनाजताई आणि श्रद्धाताई. महापौर निवडतात नगरसेवक, सभा नव्हे. पण काठावरच्या तिघा नगरसेवकांनी सांगून ठेवलं होतं, बसच्या प्रश्नावर धायरी जिचा आराखडा उचलून धरेल, तिला आमची मतं. सगळं त्या तिघांवर येऊन अडलं होतं.

मेहनाजताई आधी उठल्या. बुधवार पेठेत सासऱ्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. त्या घरातून महापौर होईल असं कुणी म्हटलं असतं, तर आधी सासरेच हसले असते. आता सभागृह कान देऊन ऐकत होतं. मोठ्या वातानुकूलित बस, धायरी ते मार्केट यार्ड थेट, मधे उतरून बदलायची कटकट नाही, शिवाय

टण्.

लोक हसले, ताईही हसल्या. टाळ्या मात्र दणकून पडल्या.

टण् टण्.

श्रद्धाताईंचा आराखडा दिसायला साधा. छोट्या बस. त्या गावठाणाच्या गल्ल्यांतून फिरून फाट्यावर येणार, पुढं मोठी बस पकडायची. म्हणजे बदलणं आलंच, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. मेहनाजताईंना महापौरांची खुर्ची हाताशी आल्यासारखी वाटली. आणि तेवढ्यात श्रद्धाताई म्हणाल्या की गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना

टण्.

आता तुलना. मंडळाची रीत अशी, की ती पुढाऱ्यानं करायची नाही, तज्ज्ञानंही नाही. बसचा पास असलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निघेल त्यानं बोलायचं. चिठ्ठी आठवड्यापूर्वीच निघाली होती. अरिबा. मेहनाजताईंची लेक.

तेव्हा श्रद्धाताई म्हणाल्या होत्या, हरकत नाही, पक्षपात झाला तर सभेला दिसेलच. अण्णा म्हणाले होते, दिसायला चष्मा लागतो, तो मंडळ पुरवत नाही. आठवडाभर मायलेकी घरात सगळं बोलल्या, बसबद्दल चकार शब्द नाही. मुनव्वर, अरिबाचे अब्बा, दोघींच्या मधे बसून मुकाट जेवत राहिले.

टण् टण्.

"मेहनाजताईंच्या बस उत्तम आहेत," अरिबा म्हणाली. अम्मी नाही, ताई. सभेत हशा पिकला. ती थांबली नाही. "पण आत वळायला जागा नाही म्हणून त्या फाट्यावरूनच परतणार. आम्ही फाट्यापासून आत राहतो. संध्याकाळी मी तिथं उतरून चालत येते. सोबत मार्केट यार्डातून परतणाऱ्या बायका असतात, डोक्यावर पाट्या. त्यांना गारवा नकोय, घरापाशी उतरायचंय. मधे बस बदलावी लागली तरी चालेल. माझ्या मते श्रद्धाताईंचा आराखडा उजवा."

कुणी घंटेच्या आत बोलून संपवणं मंडळात पहिल्यांदाच घडत होतं. अण्णा हातातल्या दोरीकडे बघत राहिले.

मेहनाजताईंकडे उत्तर होतं. शाळेच्या मैदानात बस वळवू, एवढं म्हटलं की निम्मी सभा परत आपल्याकडे वळली असती. शाळेला अजून विचारलं नव्हतं, पण ते इथं कुणाला ठाऊक होतं? त्या उठल्या. समोर अरिबा ताठ उभी होती, नजर न चोरता. या पोरीला पहिल्यांदा बसमध्ये बसवलं तेव्हा ती अम्मीचा पदर सोडायला तयार नव्हती. ऊर असा भरून आला की मैदान, शाळा, सगळं मागं पडलं.

"मला उत्तर द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "नगरसेविका झाल्यापासून मी फाटा गाडीच्या काचेतून बघते. ही चालत होती. ही माझी मुलगी आहे, अण्णा. तशी नोंद घ्या."

"घेतली," अण्णा म्हणाले.

श्रद्धाताईंच्या आराखड्यासाठी हात वर झाले. मोजायचीसुद्धा गरज पडली नाही.

बाहेर चपला घालताना श्रद्धाताई म्हणाल्या, "लेक आमच्याकडे द्या हो."

"न्या की," मेहनाजताई म्हणाल्या. सकाळपासून एवढ्या खुशीत त्या बोलल्या नव्हत्या. "बस सुरू झाल्या की तुमचीही तपासणी करेल. तेव्हा महापौर आहात म्हणून सोडायची नाही."