एका शिंगाचा बैल

शिवकांताचा बैल चोरीला गेला तो ऐन पेरणीच्या तोंडावर. दुसरा बैल गोठ्यात एकटा हंबरत होता आणि रान पडून होतं. ती पोलिसांत जाते म्हणाली, तेव्हा दीर शरणप्पानं कपाळावर हात मारला. त्याचं तरी काय चुकलं? परंड्याच्या कचेरीत पेशीवर पेशी, म्हणजे तारखेवर तारीख पडायची आणि सापडलेला बैल मुद्देमाल म्हणून कोंडवाड्यात खंगून मरायचा. त्यापेक्षा त्यांच्या सोनारी गावचे लोक गुपचूप उत्तरेश्वराला गाठत. चोरी करणारा तोच आणि मध्ये पडून बैल 'शोधून' देणाराही तोच! वर लोकांनी त्याच्या पाया पडायचं. निलाजरेपणाची हद्द!

पण यंदा कचेरीत न्याय द्यायला नवे मुन्सिफ आले होते. चोर आणि माल समोर आला की त्याच दिवशी निकाल. त्यामुळे पोलीस जमादार महारुद्राची पार झोप उडाली होती. पूर्वी तक्रार ऐकता ऐकता पान जुळवणारा हा गडी, शिवकांताचं बोलणं पुरं व्हायच्या आत पटका बांधून उठला.

"अक्का, तुमी कचेरीतच बसा. म्या आलोच!"

आणि खरंच आला. मागं उत्तरेश्वर आणि त्याच्या मागं बैल! शिवकांता धावत सुटली. जवळ जाऊन पाहते तर एक शिंग निम्म्यावर कापलेलं, दुसरं तसंच लांब, डौलदार. रडावं की हसावं, तिला कळेना. ओळख पटू नये म्हणून उत्तरेश्वर शिंगं कापायचा, पण सवडीनं. पेशीपर्यंत वेळच वेळ असायचा ना!

"हुजूर, बैल माझा हाय," उत्तरेश्वर मुन्सिफांपुढं ऐटीत म्हणाला. "साक्षीदार आणतो. पेशी द्या."

"पेशी नाही. आत्ता बोल. तुझाच बैल, तर एकच शिंग का कापलंस?"

उत्तरेश्वराला घाम फुटला. आजवर त्याला घाईनं कुणी काही विचारलंच नव्हतं.

"दुसरं उद्या कापणार व्हतो, हुजूर. मंग कुणाला वळखू आला नसता..."

त्यानं जीभ चावली, पण कचेरी हसून फुटायची बाकी राहिली. महारुद्र तर शिस्त विसरून मांडीवर थापा मारत होता. मुन्सिफांनी तिथंच शिक्षा सुनावली आणि बैल मालकिणीच्या हवाली केला. कासरा हातात आला तशी शिवकांता बैलाच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. आनंद मावेना तिच्या पोटात.

तेवढ्यात तिच्यासोबत आलेला शरणप्पा पुढं झाला.

"हुजूर, माझा बैल बी ह्यानंच नेला व्हता. अन् ह्यालाच हात जोडून म्या परत आणला."

"तेव्हा तक्रार का नाही केली?"

"केली असती तर पेशी मिळाली असती, हुजूर. बैल न्हाय."

कचेरीतलं हसू थांबलं. शरणप्पामागं आणखी एक जण उभा राहिला, मग भिंतीकडचे दोघं, मग दारातले. उत्तरेश्वर मटकन खाली बसला.