दोन बोटांचा कौल

गोल्फच्या सराव-मैदानावर एरवी माणसं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. प्रत्येकाची आपली हिरवी चटई, आपली चेंडूंची टोपली आणि आपलं दुखणं. त्या रविवारी मात्र सगळ्या चटया ओस पडल्या होत्या आणि झाडून सगळे शेवटच्या चटईभोवती जमले होते. निवृत्त न्यायाधीश, दातांचे डॉक्टर, बँकेचे माजी मॅनेजर, सगळी शिकलीसवरलेली माणसं. मधोमध पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ डोळे मिटून उभा होता. न्यायाधीशांनी एक हात आडवा पसरला होता आणि त्यावर त्याने दोन बोटं टेकवली होती. कुणी खोकतही नव्हतं.

न्यायाधीशांच्या दुसऱ्या हातात त्यांचा जुना ड्रायव्हर होता. ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सगळ्यात लांब काठी, पहिला दणका हाणायची. गृहस्थाने बोटं दाबली आणि पसरलेला हात धपकन खाली आला. मग त्याने आपल्या पिशवीतला काळा ड्रायव्हर त्यांना दिला आणि काहीतरी पुटपुटून पुन्हा दाबलं. या वेळी हात हलला नाही. मग खिशातून चेंडू काढून त्याने तो तळव्यात घोळवला, स्वतः वाकून जागेवर ठेवला आणि म्हणाला, आता मारा. न्यायाधीशांचा चेंडू लांबच्या निशाणाच्याही पलीकडे पडला. टाळ्या झाल्या. ज्यांनी आयुष्यभर साक्षीदारांना उलटसुलट तपासलेलं पाहिलं, ते न्यायाधीश लहान मुलासारखे हसत होते.

मी मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं, दांडीबुवा. बाकीचे त्याला मास्टर म्हणत. मी तिथे होते ती भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, गाडीतून आणायला-सोडायला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे हातपाय दाबते, आणि स्वभावाने संशयी आहे. ताई म्हणते, तुला कुणी 'आज हवा छान आहे' म्हटलं तरी तू आधी खिडकीतून बघून घेतेस. घेते, त्यात काय चुकलं?

बुवाची टकळी अखंड चालू होती. प्रत्येक मनगटाला एक लहर असते, म्हणे. प्रत्येक काठीच्या दांडीलाही असते. दोन्ही लहरी जुळल्या की चेंडू आपोआप पळतो, नाही जुळल्या की माणूस जन्मभर झाडीत चेंडू शोधत फिरतो. आणि ही लहर कोणत्याही यंत्राला कळत नाही, फक्त त्याच्या दोन बोटांना कळते. याला तो कौल म्हणायचा.

खरं शास्त्र एवढंसं आहे. काठी जोरात फिरवणाऱ्याला ताठ दांडी लागते, हळू फिरवणाऱ्याला लवचिक. हळू फिरवणाऱ्याने ड्रायव्हरचं तोंडही जरा जास्त वर वळलेलं घ्यावं, म्हणजे चेंडू उंच उडतो. फिरवण्याचा वेग मोजायचं यंत्र मैदानाच्या दुकानात आहे. पण त्या यंत्राकडे कुणी फिरकत नव्हतं, कारण ते वेग सांगतं आणि गप्प बसतं. शिवाय लवचिक दांडीवर 'सीनियर' असं छापलेलं असतं. साठी उलटलेला पुरुष एक वेळ दात काढून घेईल, पण आपल्या काठीवर 'सीनियर' लिहून घेणार नाही.

भाऊजींचा नंबर आला तेव्हा मी पुढे सरकून उभी राहिले. त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. तो हात फळीपर्यंत पोचवायला मी आणि त्यांनी मिळून किती घाम गाळला ते आम्हालाच ठाऊक. सर्जनने बजावलं होतं की खेळा, पण सावकाश. झटका बसून खांदा पुन्हा फाटला तर गोल्फ विसरायचं. आणि गोल्फ विसरणं भाऊजींना परवडणारं नव्हतं. नोकरी संपल्यावर हा माणूस बंद टीव्हीसमोर बसून राहायचा. हाक मारली तर ओ द्यायचा नाही. ताई स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची. या हिरव्या चटईने त्यांना खुर्चीतून उठवलं होतं.

बुवाने त्यांचा डावा हात पसरायला लावला. जुन्या ड्रायव्हरला हात पडला, काळ्याला टिकला. मग बुवा डोळे उघडून अगदी हळू म्हणाला, "साहेब, तुमचं शरीर साठीचं आहे, पण मनगट तिशीचं आहे. तुम्हाला एक्स्ट्रा स्टिफच पाहिजे."

एक्स्ट्रा स्टिफ म्हणजे सगळ्यात ताठ. भाऊजींनी तिथल्या तिथे तसा काळा ड्रायव्हर विकत घेतला. चेहऱ्यावर अशी काही लाली आली की मी तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळलं. घरी जाताना गाडीत म्हटलं, तर म्हणाले, तुला प्रत्येकात चोर दिसतो.

पुढे जे व्हायचं तेच झालं. त्या काळ्या काठीने भाऊजींचा चेंडू बुटका जायचा आणि उजवीकडे पळायचा. त्यांनी बुवाला विचारलं, तर उत्तर तयार होतं. लहर जुळायला वेळ लागतो, मनात शंका ठेवू नका आणि जोर वाढवा. भाऊजींनी जोर वाढवला. थोड्याच दिवसांत ताईचा फोन आला. शर्टाला मलमाचा वास येतोय, विचारलं की अंगावर येतात, आणि काल केस विंचरायला डावा हात वापरत होते.

म्हटलं, आता बघतेच याच्याकडे.

पुढच्या रविवारी मी कॉफी घेऊन बाकावर बसले आणि बुवाच्या चेहऱ्याकडे मुळीच बघितलं नाही. फक्त बोटं बघितली. एकामागून एक माणसं हात पसरत होती, आणि गंमत म्हणजे कौल प्रत्येकाला तोच, एक्स्ट्रा स्टिफ. जमलेल्यांमध्ये एकाचंही मनगट म्हातारं नव्हतं. तेवढ्या वेळात बोटांची चाल माझ्या ध्यानात आली. मग मी न्यायाधीशांना बाजूला घेतलं. एवढंच म्हटलं की उलटतपासणी न करता साक्ष मानायची तुमची पद्धत नव्हती ना. ते म्हणाले, "काय करायचं सांगा."

मी दवाखान्यातल्या चिकटपट्ट्या घेऊन गेले होते. न्यायाधीशांनी दुकानाच्या मागे जाऊन तीन ड्रायव्हर पट्ट्यांनी पार मुठीपर्यंत गुंडाळले आणि त्यांच्या डोक्यांवर कापडी टोप्या चढवल्या. एक बुवाकडून घेतलेला काळा, एक भाऊजींचा जुना आणि एक दुकानातला नमुन्याचा. कुठला कोणता ते फक्त त्यांना माहीत. मलाही नाही.

बुवाने गुंडाळलेल्या काठ्या पाहिल्या आणि मान हलवली. पट्टीमुळे लहर अडते, म्हणाला.

"मग मुठीवरच्या रबराने कशी अडत नाही?" मी विचारलं. "सगळे रबरालाच धरतात."

कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश म्हणाले, करा की मास्टर, तुम्हाला कसली भीती. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. भाऊजींनी हात पसरला. माझ्याकडे ते बघतही नव्हते, चारचौघांत शोभा केली म्हणून रागावले होते. न्यायाधीश एकेक काठी त्यांच्या उजव्या हातात देत गेले आणि बुवा कौल देत गेला. ही नाही. ही नाही. ही, हीच यांची. मग न्यायाधीशांनी शांतपणे सांगितलं की पहिल्यांदा आणि शेवटी दिलेली काठी एकच होती.

बुवा म्हणाला, वातावरणात नकारात्मकता आहे. मी म्हटलं, असेल, पण ती बाजूला ठेवून आपण बोटं बघू. आमच्या धंद्यात स्नायूची ताकद अशीच हात दाबून तपासतात, म्हणून मला हा खेळ कळला. मी भाऊजींच्या त्याच हाताच्या मनगटावर, काही न सांगता, दोन बोटं दाबली. हात पडला. मग "घट्ट धरा हं" म्हटलं आणि तीच बोटं कोपराजवळ सरकवून दाबली. हात जागचा हलला नाही. दुसऱ्या हातात या वेळी काठी नव्हतीच, माझा कॉफीचा रिकामा कप होता.

दार ढकलताना आपण कडेला हात लावतो, बिजागरीजवळ नाही. बिजागरीजवळ ढकलून बघा, पैलवानालाही जड जातं. खांदा ही हाताची बिजागरी. बुवा नको त्या काठीला मनगटावर, न सांगता दाबायचा आणि विकायच्या काठीला कोपराजवळ, आधी सावध करून. कौल एवढाच होता.

"पण चेंडू लांब गेला होता ना, तो मी स्वतः मारला," दातांचे डॉक्टर अडून बसले. मी बुवाला त्याच्या खिशातला एक चेंडू मागितला. त्याने दिला नाही, तर न्यायाधीशांनी बुवाने आपल्याला भेट दिलेला काढून दिला. तो कोरा करकरीत होता. शेजारी टोपलीतला ठेवला, तर तो हजारदा मार खाऊन गुळगुळीत झालेला. मी डॉक्टरांना म्हटलं, हा नवा चेंडू तुमच्या जुन्या ड्रायव्हरने मारा. चेंडू निशाणाच्या पलीकडे गेला. डॉक्टर काठीकडे बघत राहिले. इतकी वर्षं गोल्फ खेळणाऱ्या माणसांनी श्रेय काठीला दिलं आणि चेंडूकडे कुणी बघितलंच नाही.

बुवा पिशवी आवरायला लागला. बँकेचे मॅनेजर मात्र त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले. मला तरी फरक पडला, असं म्हणत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

माझं खरं काम अजून बाकी होतं. मी भाऊजींना म्हटलं, टोपलीतलेच चेंडू, हळू स्विंग, आणि तिन्ही काठ्या मारून बघा. पट्ट्या तशाच ठेवल्या. फक्त टोप्या काढल्या आणि काठी ओळखू येऊ नये म्हणून न्यायाधीशांनी डोक्यांच्या वरच्या बाजूलाही पट्टी चिकटवली. पहिल्या काठीचा चेंडू बुटका, उजवीकडे. दुसरीचा बरा. तिसरीचा छान उंच उठला, सरळ गेला आणि सावकाश खाली आला. भाऊजींनी तीच परत मागितली. परत तसाच. त्यांनी उजवा खांदा फिरवून बघितला आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलले, दुखत नाहीये, म्हणाले. मग जरा ऐटीत, "हीच त्याची एक्स्ट्रा स्टिफ असणार. माझं मनगट खोटं नाही."

न्यायाधीशांनी पट्टी सोलली. आतून अक्षरं निघाली, 'सीनियर'.

भाऊजी चटईच्या कडेला बसले. मला वाटलं, आता मला चार शब्द ऐकवणार, आणि मी ऐकून घेतले असते. त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "तो मला तिशीचा म्हणाला होता गं. रिटायर झाल्यापासून कुणी माझ्याबद्दल चांगलं असं काही बोललंच नव्हतं."

बुवा तिथे असता तर त्याचीच काठी घेऊन मागे लागले असते, इतका राग आला. आणि स्वतःचाही आला, कारण आम्ही घरचे त्यांचा खांदाच तपासत बसलो होतो.

मला सांगायचं आहे ते साधं आहे. कुणी तुमच्यात दडलेली शक्ती ओळखली असं सांगू लागला, तर तुम्हाला ते ऐकावंसं वाटणारच, त्यात लाज नाही. ऐका. आणि मग त्याच्या बोटांकडे बघा. पट्टी बांधून तेच पुन्हा करून दाखवायला सांगा. यंत्र असेल तर मोजा, चेंडू बदलून बघा. खऱ्या गोष्टीला दुसऱ्यांदा करून दाखवायला काही त्रास होत नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे पुष्कळ भेटतात, पडल्यावर खांदा मात्र आपलाच मोडतो.

भाऊजींनी नमुन्याची ती काठी घरी आणली. ताई म्हणाली, त्या अक्षरांवर पट्टी राहू द्या हवं तर, कुणाला कळणार आहे. पुढच्या रविवारी मी मैदानावर गेले तेव्हा दातांचे डॉक्टर बुवाकडून घेतलेल्या आपल्या काळ्या काठीने घामाघूम झाले होते. भाऊजी त्यांच्या चटईपाशी गेले आणि आपला ड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला. दांडीवर पट्टी नव्हती.

"ही मारून बघा डॉक्टर," ते म्हणाले. "सीनियर आहे. मला लागते."