ठकीची चौकट

“छत्री कशाला आणलीत?” अर्ध्या चढावर दम खात सत्यशीलानं विचारलं. “पाऊस उघडून आठवडा झाला.”

“टेकायला,” मी म्हणालो. “गुडघे तुझे गेलेत, पण आपलं खातं जॉइंट आहे.”

पुढे चालणारी तेजस्विनी खुदकन हसली. ती हिच्या प्रयोगशाळेतली नवी मुलगी. पुढच्या वर्षीपासून हिचं काम तीच करणार होती.

सत्यशीला म्हणजे आमच्या सौभाग्यवती. सदाशिव पेठेतल्या माणसानं डोंगर गच्चीवरून बघावा आणि खाली येऊन चहा प्यावा, असं माझं स्पष्ट मत. पण लग्न केलं ते झाडंझुडपं मोजणाऱ्या बाईशी. दर वर्षी त्याच तारखेला, त्याच कातळावर, एका ठरलेल्या चौकटीत काय काय उगवलं ते ती बघून येते. हवा तापत चालली तर डोंगरमाथ्यावरच्या रोपांचं काय होतं, हे एका वर्षात कळत नाही. त्यासाठी तीच जागा वर्षानुवर्षं बघावी लागते. आणि विज्ञानाला तिथी चालत नाही, तारीख लागते. एकदा नेमक्या गौरी जेवणाच्या दिवशी ही तारीख आली. बाईसाहेब डोंगरावर आणि पुरण वाटायला मी. शेजारच्या सरुबाई अजून त्या पुरणाची आठवण काढतात, आणि कौतुकानं काढत नाहीत.

यंदा डॉक्टरांनी डोंगर बंद केला होता. “शेवटचं एकदा जाते,” असं त्यांना सांगून हिनं मला न विचारता हमाल नेमलं.

तिला वर ओढत होती ती ठकी. ठकी म्हणजे कंदीलपुष्पाचं एक रोप. जमिनीत कंद, पावसाळ्यात वीतभर वर यायचं, एखादं कंदिलासारखं फूल धरायचं आणि पुन्हा मातीत गुडूप व्हायचं. चौकटीच्या एका कोपऱ्यात ते एकटंच असायचं. त्याचं लॅटिन नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही, म्हणून ठकी हे नाव मीच ठेवलं. ही डोंगरावरून आली की दारातच विचारायचो, “ठकी आली का?” गेली दोन वर्षं ती नुसती मान हलवून आत जात होती. सलग तिसऱ्या वर्षी दिसली नाही, तर त्यांच्या नियमाप्रमाणे नावापुढे ‘गेली’ असं लिहायचं. अख्खा श्रावण भाजी निवडता निवडता ही एकच म्हणत होती, “यंदा येईल हो.” बरं, मीही ‘हो हो’ म्हणत होतो.

माथ्यावर कातळात चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकलेले आहेत. त्यांना दोरी लावली की चौकट तयार. एक कोपरा माझ्याकडे आला. मी वाकलो आणि बघतो तर खिळ्याच्या पलीकडे, दगडाच्या आडोशाला, ठकी! शंकाच नको, तिचा फोटो आमच्या फ्रिजवर आहे. मी ओरडणारच होतो. मग लक्षात आलं की खिळा अलीकडे आणि ठकी पलीकडे. चौकटीबाहेर.

त्या दोघी आपापल्या कोपऱ्यात होत्या. मी दोरी खिळ्याला लावलीच नाही. पलीकडच्या दगडाच्या टोकाला अडकवली. म्हटलं, शेवटचं वर्ष आहे, होऊ दे हिच्या मनासारखं.

पण चौकट नीट बसली की नाही ते बघायला एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावतात आणि दोन्ही तिरकी मापं सारखी यावी लागतात. हे मला कोणी सांगितलं होतं?

“मॅडम, डायगोनल मॅच होत नाहीयेत,” तेजस्विनी म्हणाली. “काकांच्या कॉर्नरला काहीतरी गडबड आहे.”

सत्यशीला लंगडत माझ्याकडे आली. तिनं दोरी पाहिली, मग दगडाआडचं फूल पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलो.

“अहो, दोरी खिळ्याला लावा.”

“अगं, वीतभराचा तर प्रश्न आहे. कुणाला कळणार आहे?”

“कुणालाच कळणार नाही. तेच तर.” ती दगडाला धरून हळूच खाली बसली. “आणि ही ठकी नाही हो. कंद काही चालत जात नाही. ठकी होती तिथली माती तापली, ती गेली. ही तिची लेक असेल. बी वाऱ्यानं इकडे आलं, सावली मिळाली म्हणून जगलं. तुम्ही दोरी सरकवलीत तर कागदावर सगळं आलबेल. मग ठकी का गेली ते कुणी विचारेल तरी का?”

मी मुकाट्यानं दोरी खिळ्याला लावली. लाज वाटली, आणि तिचा रागही आला. एवढं खरं बोलायची काय गरज असते माणसाला?

मग दोघींनी तीच चौकट वेगवेगळी तपासून आपापली यादी केली. एकीनं दुसरीला काही सांगायचं नाही, हा त्यांचा रिवाज. शेवटी दोन्ही याद्यांचा ताळा घेताना तेजस्विनी एका नावापाशी अडखळली.

“वाच,” सत्यशीला म्हणाली.

“माझ्याकडे... नाही, मॅडम.”

“माझ्याकडेही नाही. ‘गेली’ लिही. आणि खाली शेरा टाक, चौकटीबाहेर, दगडाच्या उत्तरेला एक आहे म्हणून.”

दोरी गुंडाळून तिनं तेजस्विनीच्या हातात दिली. “ओली ठेवू नकोस, आकसते,” एवढंच म्हणाली. पोरीनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि सामान आवरायला गेली.

सत्यशीला मात्र दगडापाशीच बसून राहिली. कातळ चांगलाच तापायला लागला होता. बराच वेळ वाट पाहून मी म्हणालो, “चल आता. ऊन वाढलंय.”

“हो ना,” ती म्हणाली. “म्हणूनच बसलेय.”

तेव्हा मी नीट पाहिलं. तिची सावली त्या रोपावर पडत होती.

मी छत्री उघडली आणि दोघींवर धरून उभा राहिलो.